वाचक विचारतात : सुपरमार्केटमधली वाईन आणि परवान्याचा कायदा

महाराष्ट्रातील सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला. तो अमलात आला नाही, परंतु त्याविषयीची पत्रे आमच्याकडे अजूनही येतात. त्यांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : चाकणजवळ माझे सुमारे ६०० चौरस फुटांचे किराणा दुकान आहे. पाच हजार रुपये वार्षिक शुल्क भरले की वाईन विकण्याचा परवाना मिळतो, असे एका मध्यस्थाने सांगितले आणि अर्ज भरून देण्याची तयारीही दाखवली. हे खरे आहे काय? (किराणा व्यावसायिक, खेड तालुका, जि. पुणे)

उत्तर : या मध्यस्थास एक रुपयाही देऊ नये. किराणा दुकान किंवा सुपरमार्केट यांच्यासाठी वाईनविक्रीची स्वतंत्र अनुज्ञप्ती (लायसन्स) महाराष्ट्रात अस्तित्वातच आलेली नाही.

मंत्रिमंडळाने निर्णय घेतला म्हणजे कायदा बदलला, असा समज सर्वत्र आहे आणि मध्यस्थांचा धंदा त्यावरच चालतो. आपल्या राज्यात मद्याचे उत्पादन, वाहतूक, साठा, विक्री आणि सेवन ही सर्व १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली येतात. या अधिनियमाने प्रथम सरसकट मनाई केली आहे आणि मग अनुज्ञप्ती, परवाना किंवा पास यांच्याद्वारे त्या मनाईला अपवाद ठेवले आहेत. नवा अपवाद निर्माण करायचा असेल तर नियमांत दुरुस्ती करून ती राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. २०२२ च्या निर्णयानंतर मोठे वादळ उठले. तत्कालीन विरोधी पक्षाने सरकार ‘मद्यराष्ट्र’ घडवीत असल्याचा आरोप केला, अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून राळेगणसिद्धी येथे उपोषणाचा इशारा दिला, आणि लोकांची मते मागविल्याखेरीज पुढे जाणार नाही अशी भूमिका शासनाने घेतल्यावर ते उपोषण टळले. पुढे नियमांचा मसुदा प्रसिद्ध होऊन त्यावर हरकती व सूचना मागविण्यात आल्या. मात्र जूनअखेरीस सरकार बदलले आणि मसुद्याचे अंतिम नियमांत रूपांतर झाले नाही.

पाच हजारांचा आकडा मध्यस्थाने स्वतःच्या मनाने काढलेला नाही, तो त्या निर्णयाबरोबरच जाहीर झाला होता. तथापि तो निर्णय जसाच्या तसा अमलात आला असता तरी आपले दुकान त्यात बसले नसते. किमान १,००० चौरस फूट क्षेत्रफळ असलेली आणि ग्राहक आत फिरून स्वतः माल उचलतो अशी दुकाने, म्हणजे सुपरमार्केट व वॉक-इन स्टोअर, एवढ्यांचाच त्यात विचार होता. दुकानाची दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली नोंदणी असणे आवश्यक होते. त्या वेळी ही नोंदणी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच करावी लागे, त्याहून लहान दुकानदाराने केवळ सूचना देणे पुरेसे होते. शब्दशः वाचले तर गल्लीतील वाणी या योजनेच्या बाहेरच होता, आणि ‘किराणा दुकानात दारू’ ही वर्तमानपत्री घोषणा त्या अर्थाने चुकीची होती.

आणखी एक गोष्ट आपल्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, परंतु त्या गदारोळात तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे आणि त्यावर राज्याचा मूल्यवर्धित करच लागतो. आपण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत) असाल, तर ज्या वस्तूंवर त्या कायद्याने कर लागत नाही अशा वस्तूंची विक्री केल्यास आपण त्या योजनेस अपात्र ठरता. म्हणजे वाईनच्या चार बाटल्यांपायी संपूर्ण दुकानाची करव्यवस्था बदलून घ्यावी लागेल. नियमित करदात्यांसही भाडे, फ्रीज यांसारख्या सामाईक खर्चावरील कराची वजावट वाईनच्या विक्रीच्या प्रमाणात सोडावी लागते. उद्या नियम आले आणि आपण दुकान वाढविले, तरी प्रथम आपल्या कर सल्लागारास विचारावे.

प्रश्न : गोव्यात साध्या जनरल स्टोअरमध्ये बिस्किटांशेजारी वाईन मिळते. एकाच देशात एका राज्यात जे चालते ते दुसऱ्या राज्यात गुन्हा कसे ठरते? दुकानदाराला व्यवसायाचे स्वातंत्र्य नाही काय? (ग्राहक, कोथरूड, पुणे)

उत्तर : संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद ८ मध्ये मादक पेये येतात आणि नोंद ५१ मध्ये त्यांवरील उत्पादन शुल्क. त्यामुळे हा विषय पूर्णतः राज्यांचा आहे. गोव्यात १९६४ चा उत्पादन शुल्क कायदा लागू आहे. त्याचा मुख्य रोख कर व परवाना यांच्यावर असून दारूबंदी हे त्याचे उद्दिष्ट नाही. आपला १९४९ चा कायदा मुंबई राज्याच्या काळातील आहे आणि त्याचे मूळ उद्दिष्ट त्याच्या नावातच आहे. गंमत अशी की, तोच मूळ कायदा द्विभाषिक राज्याच्या विभाजनानंतर गुजरातेतही राहिला आणि तेथे त्याच्याच आधारे आजही दारूबंदी आहे, तर महाराष्ट्रात त्याच कायद्याच्या अपवादांतून परमिट रूम, बिअर शॉपी आणि देशी दारूची दुकाने उभी राहिली. तमिळनाडूत किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या हाती आहे. दिल्लीत डिपार्टमेंटल स्टोअरसाठी बिअर व वाईनची वेगळी अनुज्ञप्ती देण्याची पद्धत होती.

व्यवसायस्वातंत्र्याविषयी न्यायालयांची भूमिका जुनी आणि बरीच स्थिर आहे. १९५१ च्या बलसारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या, परंतु दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. १९९५ च्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की, मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणासही नाही. राज्य तो पूर्णपणे बंद करू शकते किंवा स्वतःकडे ठेवू शकते. मात्र खासगी व्यक्तींना एकदा परवानगी दिली की, पात्र नागरिकांमध्ये भेदभाव करता येत नाही. म्हणून १,००० चौरस फुटांची अट कधी न्यायालयात तपासली गेली असती, तर लहान दुकानदाराला वगळण्याचे सयुक्तिक कारण शासनास द्यावे लागले असते. ‘मोठ्या दुकानावर देखरेख सोपी’ हे कारण मला पटण्यासारखे वाटते. मोठ्या साखळी दुकानांच्या सोयीसाठी आखलेली अट, हा आक्षेपही मात्र सहज झटकून टाकता येणारा नाही.

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. शेतकऱ्यांसाठी निर्णय घेतला, असे तेव्हा सांगितले गेले. सुपरमार्केटमध्ये वाईन आली असती तर आमच्या द्राक्षाला खरोखर भाव मिळाला असता काय? (बागायतदार, जि. नाशिक)

उत्तर : आपल्या बागेत काय लावले आहे, यावर सारे अवलंबून आहे. थॉमसन, सोनाका किंवा तास-ए-गणेश अशी खाण्याची जात असेल तर प्रत्यक्ष लाभ जवळजवळ शून्य. वाईनसाठी शिराझ, सोव्हिन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां, झिनफंडेल अशा वेगळ्या जाती लागतात आणि त्यांचे क्षेत्र राज्यातील एकूण द्राक्षक्षेत्राच्या मानाने अगदी थोडे आहे. खाण्याच्या द्राक्षाला पाऊस लागला, निर्यात अडली, बेदाणा पडून राहिला, या दुखण्यांवर वाईनचे कपाट हा उपाय नव्हता. तो तसा मांडला गेला, हा त्या प्रचारातील सर्वांत कच्चा भाग होय.

वाईन-द्राक्ष लावणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर व पलूस येथे वाईन पार्क उभारले, उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली आणि पुढे मूल्यवर्धित कराच्या परताव्याची योजनाही आणली. नाशिक परिसरात वायनरी (वाईन बनविणारे कारखाने) वाढल्या आणि अनेक शेतकऱ्यांनी करार करून वाईनच्या जाती लावल्या. त्यानंतर २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा २६ नोव्हेंबरचा मुंबईवरील हल्ला यांनी हॉटेल व पर्यटन व्यवसाय बसला, वाईनचे साठे टाक्यांत पडून राहिले आणि पुढील हंगामात कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या. ज्यांनी त्या काळी कुऱ्हाड चालविली त्यांना हे सांगावयास नको. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद झाली तेव्हा वायनरींसमोर खपाचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. विक्री हॉटेले, पर्यटक आणि मोजकी मद्यदुकाने यांवरच टेकलेली असली की, एका धक्क्याने करारच डळमळतो. घरगुती ग्राहकापर्यंत पोहोचणारा आणखी एक मार्ग असावा, ही वायनरींची मागणी या अनुभवातून आली आहे आणि ती अवाजवी म्हणता येत नाही.

तरीही हिशेब करून पाहावा. एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीस साधारणतः सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. बाटलीच्या किमतीत द्राक्षाचा वाटा लहान असतो. काच, ओकची पिंपे, कर, वितरक आणि दुकानदार यांचे वाटे मोठे असतात. करारातील दर जात आणि द्राक्षातील साखर, म्हणजे ब्रिक्स, यांवर ठरतो. दुकानातील खप वाढल्याने तो आपोआप वाढत नाही. खप वाढला तर करारांची संख्या वाढेल आणि वायनरी माल नाकारण्याची शक्यता कमी होईल, इतकेच म्हणता येते. किमान दर, माल नाकारल्यास भरपाई आणि उचल करण्याची मुदत ही कलमे करारात नसतील, तर दुकाने कितीही उघडली तरी बागायतदाराचा धोका तसाच राहतो. शेतकऱ्याच्या नावाने घेतलेल्या निर्णयात शेतकऱ्याच्या कराराविषयी अवाक्षर नव्हते, ही गोष्ट मला खटकते.

प्रश्न : आमच्या गावातील देशी दारूचे दुकान बंद करण्यासाठी आम्ही महिलांनी मतदान मागितले होते. सुपरमार्केटमधील वाईनविरुद्धही ‘बाटली आडवी’ करता येईल काय? (बचत गटाच्या सदस्या, जुन्नर तालुका)

उत्तर : मद्यविक्रीच्या अनुज्ञप्त्या गावाच्या वा प्रभागाच्या मताने बंद करण्याविषयीचा आदेश २००८ चा आहे. त्यानुसार किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी मागणी केल्यास उत्पादन शुल्क विभाग स्वाक्षऱ्यांची पडताळणी करून गुप्त मतदान घेतो. दुकान बंद होण्यासाठी यादीतील मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने, पडावी लागतात. ज्या मतदानाला आल्याच नाहीत त्यांची मते प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या पारड्यात जातात. कामासाठी बाहेरगावी असलेल्या सुना, मुलींची नावे यादीत तशीच राहिलेली असतात आणि तेथेच अनेक गावांचे प्रयत्न थोडक्यात हुकतात, हे आपण अनुभवले असेल.

सुपरमार्केटसाठी नव्या प्रकारची अनुज्ञप्ती आलीच, तर तिला हा आदेश लागू आहे असे नियमांत स्पष्ट लिहून घेणे आवश्यक राहील. ते गृहीत धरून चालणार नाही. देशी दारूचे किंवा वाईन शॉपचे दुकान बंद करा म्हणणे आणि ज्या दुकानातून गावाचा तांदूळ, साबण, दूध येते त्यातील एक कपाट बंद करा म्हणणे, यांत व्यावहारिक अंतर आहे. मत अनुज्ञप्तीविरुद्ध असते, दुकानाविरुद्ध नसते. हा भेद मतपत्रिकेवरच दिसला नाही, तर प्रचारात ‘दुकान बंद होईल’ अशी भीती घातली जाईल. शहरी वाचकांसाठी एवढे जोडतो की, गृहनिर्माण संस्थेच्या व्यापारी गाळ्यात नवीन मद्यविक्री दुकान उघडण्यासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील, असे शासनाने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले.

प्रश्न : वर्धा जिल्ह्यातील सुपरमार्केटनाही ही परवानगी मिळाली असती काय? (निवृत्त शिक्षक, आर्वी)

उत्तर : नाही. दारूबंदी असलेले जिल्हे निर्णयातूनच वगळलेले होते, म्हणून वर्धा आणि गडचिरोली यांचा प्रश्न उद्भवत नव्हता. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी मे २०२१ मध्ये उठविण्याचा निर्णय झाल्यामुळे तो जिल्हा या वगळणुकीत आला नसता.

प्रश्न : गोव्यातील दुकानातून रीतसर बिल घेऊन वाईनच्या दोन बाटल्या घरी आणल्या तर गुन्हा होतो काय? (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : दुकानाचे बिल म्हणजे वाहतुकीचा परवाना नव्हे. गोव्याचा कर भरलेले मद्य महाराष्ट्रात आणणे ही आपल्या कायद्याच्या दृष्टीने आयात आहे आणि ती आवश्यक परवाना व पास यांच्याशिवाय केल्यास दंडनीय ठरते. प्रमाण किती, हा मुद्दा शिक्षेच्या तीव्रतेसाठी उपयोगी पडेल, बचावासाठी नाही. गोव्याच्या सीमेजवळील इन्सुली तपासणी नाक्यावर ‘घरापुरतीच आहे’ हे उत्तर रोज ऐकले जाते.

प्रश्न : वाईन सौम्य असते, ती दारूच नव्हे, असे तेव्हा जबाबदार नेत्यांनी सांगितले. मग ती सुपरमार्केटमध्ये ठेवण्यास हरकत कोणती? आणि हरकत असेल तर बिअर शॉपीत ती आधीच मिळते, त्याचे काय? (दोन मुलांची आई, ठाणे)

उत्तर : कायद्यात वाईन ही मद्यच आहे, एरवी तिच्यासाठी अनुज्ञप्तीची चर्चाच करावी लागली नसती. शरीराच्या दृष्टीनेही हिशेब सोपा आहे. १२.५ टक्के मद्यार्क असलेल्या वाईनच्या १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात सुमारे १९ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, तर ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १३. सौम्यता ही चवीत आणि तीव्रतेत असते, परिणाम मात्र एकूण प्रमाण किती घेतले यावर ठरतो. मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये म्हटले आहे, आणि त्यात वाईनला सूट नाही.

आपला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. बिअर शॉपीत आणि वाईन शॉपमध्ये वाईन मिळतेच, मग नवीन काय घडणार होते? माझ्या मते फरक दुकानात कोण येते याचा आहे. मद्यविक्रीच्या दुकानात मुले सहसा जात नाहीत, सुपरमार्केटमध्ये ती आईचे बोट धरून येतात. निर्णयाच्या कर्त्यांना याची जाणीव होती, हे कबूल केले पाहिजे. ‘शेल्फ इन शॉप’ (दुकानातच वाईनचे वेगळे कपाट) पद्धत, २.२५ घनमीटरचे कुलूपबंद कपाट, शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळच्या दुकानांना मनाई, या अटी विचारपूर्वक घातलेल्या होत्या आणि त्या निर्णयातील सर्वांत चांगला भाग होत्या.

कच्चा भाग होता तो शुल्काचा. मोठ्या शहरांत वाईन शॉपच्या अनुज्ञप्तीचे वार्षिक शुल्क लाखांत जाते. शिवाय १९७० च्या दशकापासून राज्याने अशा नव्या अनुज्ञप्त्या देणे थांबविल्यामुळे असलेली अनुज्ञप्ती हीच मोठी मालमत्ता झाली आहे. ती रद्द होण्याच्या भीतीने तो दुकानदार, नाइलाजाने का होईना, नियम पाळतो. पाच हजार रुपयांची अनुज्ञप्ती गेली तर सुपरमार्केटचे काय जाणार? डाळ-तांदळाचा धंदा तसाच चालू राहील. मद्य खरेदीसाठी आपल्याकडे बिअर व वाईनला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. ती तपासण्याचे काम बिलिंग काउंटरवरील, बहुधा स्वतःच विशीतल्या, मुलावर येणार. संध्याकाळी रांग लागलेली असताना तो ओळखपत्र मागेल, हे केवळ विश्वासावर सोडता येत नाही. वाईनचे बिल वेगळ्या काउंटरवर आणि जबाबदार व्यक्तीच्या हस्ते व्हावे, आणि अल्पवयीनास विक्री झाल्यास केवळ कपाट नव्हे तर संपूर्ण दुकान ठरावीक दिवस बंद राहावे, एवढी तरतूद मसुद्यात असती तर मी या निर्णयाला विरोध केला नसता. मसुदा पुन्हा कधी हरकतींसाठी निघाला, तर आपण पालक म्हणून हेच दोन मुद्दे लेखी मांडावेत. कराराची जी कलमे वर बागायतदारांना सुचविली आहेत तीही त्याच पत्रात घालता येतील.